एकही पायरी नाही

मित्रांनो, प्रत्येक दुकानाला एक मागची खोली असते. पुढे काच, दिवे, मांडलेला माल आणि गोड बोलणे. मागे पसारा, अर्धवट कामे आणि खरी भांडणे. वेबसाइटलाही अशीच मागची खोली असते. लोक फोनवर वेबसाइट उघडतात, पत्ता वाचतात, फोटो बघतात आणि निघून जातात. तो पत्ता कुठे बसून लिहिला, फोटो कुठून चढवले, हे कोणी विचारत नाही. ते सगळे माझ्या पोटात चालते. मी एका बुटांच्या दुकानाच्या वेबसाइटची जुनी मागची खोली आहे. शिकलेले लोक मला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात. दुकानातली ताई मला 'ते तुझं' म्हणते. "बाळ्या, ते तुझं बंद कर आणि जेवायला ये."

खोलीला कसला आलाय स्वभाव, असे तुम्ही म्हणाल. आहे, मला स्वभाव आहे आणि तो चिडका आहे. माझी हकीकत ऐकलीत, तर मी चिडले यात तुम्हाला नवल वाटणार नाही.

हे दुकान बूट विकत नाही, करून देते. कोणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, कोणाची बोटे एकमेकांवर चढलेली असतात, कोणाचे पाऊल मधुमेहाने इतके बधिर झालेले असते, की बुटात खडा गेला तरी कळत नाही. अशा पायांचे माप घेऊन त्याचा लाकडी साचा करायचा आणि साच्यावर चामडे चढवायचे. भिंतीवरच्या फळ्यांवर असे साचे ओळीने बसलेले आहेत आणि त्यांना टोपणनावे आहेत. एक 'जाडोबा', एक 'वाकडी बाई', एक 'सरळ पण हट्टी'. हे काम दोघे मिळून करतात. धाकटा भाऊ बूट बनवतो. त्याची दाढी पांढरी झाली तरी ताईच्या तोंडी तो बाळ्याच आहे. आणि मोठी बहीण तपासते.

तिचे तपासणे बघण्यासारखे असते. धाकटा बूट पुरा करून तिच्यापुढच्या टेबलावर ठेवतो. ताई डोळे मिटते, हात बुटात घालते आणि आतून सगळीकडे बोटे फिरवते. शिवणीची गाठ लागली, खिळ्याचे टोक लागले, अस्तराला सुरकुती लागली, की एकच शब्द बोलते, "टोचतंय." मग तो बूट परत धाकट्याकडे जातो. काही लागले नाही, तर ती काहीच बोलत नाही. बूट उचलते आणि खिडकीतल्या फळीवर ठेवते. वडिलांच्या वेळेपासून या दुकानाचा हाच कायदा आहे. ताईचा हात फिरल्याशिवाय काही बाहेर जायचे नाही, आणि ताई गप्प राहिली म्हणजे पास.

ही गोष्ट ध्यानात ठेवा, मित्रांनो. माझ्या सगळ्या छळाचे मूळ तिच्यात आहे.

माझा जन्म या दुकानाच्या जुन्या जागेत झाला. तेव्हा ते एका घड्याळवाल्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर होते. लिफ्ट नव्हती. ज्यांचे पाय दुखतात त्यांनीच ते जिने चढायचे, हा विनोद तिथे सगळ्यांना कळायचा, पण हसू कोणाला येत नसे. मला बांधायला एक तरुण वेबसाइटवाला आला. पोरगा शहाणा होता. काम सुरू करण्याआधी त्याने विचारले, "काकू, तुमच्याकडे काम कसं चालतं ते आधी सांगा."

"तो बनवतो, मी हात फिरवते, मग माल बाहेर जातो," ताई म्हणाली.

"मग वेबसाइटचंही तसंच ठेवू या."

आणि त्याने मला दोन किल्ल्या दिल्या, म्हणजे दोन पासवर्ड. धाकट्याच्या किल्लीने पान लिहिता येई, फोटो लावता येई, पण ते जगाला दाखवता येत नसे. त्याच्या पानाखाली एकच बटण होते, 'मंजुरीसाठी पाठवा'. ते दाबले, की मी ताईला ईमेल धाडायची. ताईने तिच्या किल्लीने आत यायचे, पान वाचायचे आणि 'प्रकाशित करा' दाबायचे. मगच ते बाहेर दिसायचे. पहिल्या दिवशी सगळी पाने त्या पोराने ताईला शेजारी बसवून मंजूर करून घेतली. ताईने प्रत्येक वेळी त्याने दाखवलेल्या जागी बोट टेकले आणि उठताना म्हणाली, "काचेवर हात फिरवून मला काय कळणार आहे?" तिच्यासाठी काढलेले ईमेल खाते त्यानंतर तिने एकदाही उघडले नाही. पुढे तो पोरगा दुसऱ्या गावी मोठ्या कामावर गेला.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. माझ्यात कोणाला काही बदलायचे नव्हते आणि मलाही कोणाकडून काही नको होते. लांबलांबून माणसे पत्ता वाचून येत, धापा टाकत जिने चढत आणि म्हणत, "वेबसाइट छान आहे हो तुमची." मी आतल्या आत फुलून जायची. कौतुक कोणाला आवडत नाही?

मग दुकानाने जागा बदलली. ताई आणि धाकट्याने बरीच वर्षे जे मनात धरले होते ते झाले. लाँड्रीच्या शेजारी तळमजल्यावर एक गाळा मिळाला, रस्त्याच्या पातळीला, रुंद दाराचा. कुबड्या घेऊन या, चाकांची खुर्ची घेऊन या, थेट आत. जुना फोन तिसऱ्या मजल्यावरच बंद झाला आणि नवा नंबर आला. नेहमीच्या गिऱ्हाइकांना ताईने स्वतः फोन करून कळवले. जुन्या दारावर धाकट्याने पाटी लावली होती, पण घरमालकाने दार रंगवले आणि त्या रंगाखाली पाटीचेही भले झाले. नव्या माणसांसाठी उरले कोण? मी.

धाकटा माझ्यापुढे बसला. एका बोटाने टाइप करत, जीभ दातांत धरून त्याने नवा पत्ता लिहिला, नवा नंबर लिहिला आणि खाली मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहिली: 'आता एकही पायरी नाही.' ती ओळ लिहून तो बराच वेळ तिच्याकडे बघत बसला होता. मला त्याचे डोळे भरलेले दिसले. मग त्याने 'मंजुरीसाठी पाठवा' दाबले आणि तो जेवायला गेला.

मी ताईला ईमेल धाडले. कोणी उघडले नाही. मी परत धाडले. मला ओरडायला तोंड नाही, मित्रांनो. माझ्याकडे आहे एक लाल ठिपका, तोही कोपऱ्यात, मुगाच्या दाण्याएवढा. मी तो पेटवला. पानाच्या माथ्यावर लिहिले, 'मंजुरीच्या प्रतीक्षेत'. धाकट्याने ते वाचलेसुद्धा! पण त्या वेळी तो स्वतःशी म्हणाला, "बघेल ताई." दोन दिवस गेले, ताई काही बोलली नाही. आणि या दुकानात ताई काही बोलली नाही, म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच.

त्याने खात्री करून घेतली नाही असेही नाही. तीच तर माझी चीड आहे. तो रोज सकाळी माझ्यात शिरून 'नमुना पाहा' दाबायचा. तिथे त्याला त्याचे नवे पान दिसायचे, नवा पत्ता, नवा नंबर, एकही पायरी नाही. तो खूश होऊन मान डोलवायचा. अरे बाबा, तो नमुना आहे! तो फक्त तुला दिसतो! आत उभे राहून खिडकीची काच पुसलीस, बाहेरून कशी दिसते ते एकदा तरी बघशील की नाही? बाहेर, सगळ्या जगाच्या फोनवर, अजून तेच होते: तिसरा मजला, घड्याळवाल्याच्या वर.

मला सगळे कळत होते. माणसे येत, जुना पत्ता वाचत, मेलेला नंबर लावत. काही जण परत येऊन तेच पान पुन्हा वाचत, आपलेच काही चुकले असे वाटून. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ठिपका पेटवण्यापलीकडे मी काय करणार?

नव्या गाळ्यात नवे गिऱ्हाईक येईना. रुंद दार दिवसभर उघडे असायचे आणि त्यातून लाँड्रीची वाफ तेवढी आत यायची. धाकटा हवालदिल झाला. आणि हवालदिल झाला, की तो माझ्यापुढे येऊन बसायचा. वेबसाइट आवडत नसेल लोकांना, असे त्याने ठरवून टाकले. त्याने रंग बदलले. साच्यांचे फोटो काढून लावले, जाडोबासुद्धा झळकला. बूट कसा बनतो यावर सुंदर पान लिहिले. प्रत्येक वेळी 'मंजुरीसाठी पाठवा'. मी आतल्या आत नटत गेले आणि बाहेर तेच जुने पान. मंजुरीच्या रांगेत पानांवर पाने साचली. मी हात टेकले.

ताईने वेगळेच ठरवले होते. माणसे येत नाहीत, म्हणजे बुटात खोट आहे. या बाईला दुसरे काही सुचूच शकत नव्हते. ती एकेक बूट दोनदोनदा तपासू लागली. जिथे काही नव्हते तिथेही तिला टोचू लागले.

"तुझी शिवण जाड झालीय, बाळ्या."

"शिवण तीच आहे, ताई. दोरा तोच, सुई तीच."

"मग हात बदललाय."

धाकट्याने सुई खाली ठेवली. "माझ्या हातावर विश्वास नसेल तर तसं सांग."

ती काहीच बोलली नाही. या वेळी मात्र तिचे गप्प राहणे पास नव्हते, आणि ते त्यालाही कळले. दोघे पाठीला पाठ लावून काम करू लागले. दिवसच्या दिवस त्या गाळ्यात फक्त हातोडीचा आवाज व्हायचा.

एका दुपारी ताईने विषय काढला. मशीनवर बूट करणाऱ्या एका कारखान्याला साचे बनवणारा माणूस हवा होता. तिने परस्पर बोलून ठेवले होते. "तू तिकडे जा. मी लेकीकडे जाते. महिनाअखेर गाळा सोडून देऊ."

"आणि साचे?"

"लाकूडच आहे ते."

धाकटा फळीपाशी गेला आणि त्याने 'वाकडी बाई' हातात घेतली. तिच्यावरची धूळ सदऱ्याने पुसली आणि ती परत जागेवर ठेवली. मग तो माझ्याकडे आला आणि रोजच्यासारखा 'नमुना पाहा' दाबून माझ्याकडे बघत बसला. मी जीव तोडून लाल ठिपका दाखवत होते. दुकान बंद पडायला काही कारण नव्हते हो! कारण होते ते एवढेसे होते, आणि ते त्याच्या नाकासमोर होते. तुमच्या डोळ्यांदेखत कोणी बुडत असेल आणि तुम्हाला फक्त पापणी हलवता येत असेल, तर तुमचे काय होईल? माझे तेच होत होते.

महिना संपत आला असताना दारात एक गृहस्थ उभे राहिले. हातात काठी, एका पायात बूट, दुसऱ्या पायाला पट्टी आणि त्यावर ढगळ सपात. चेहरा असा, की आता कोणाला तरी बोलल्याशिवाय जाणार नाहीत.

"हेच का ते?" त्यांनी विचारले. "सापडलात एकदाचे!"

ताईने खुर्ची पुढे केली. ते बसले आणि सुरूच झाले. "मी टपाल खात्यात होतो. उभं आयुष्य दुसऱ्यांचे पत्ते शोधण्यात गेलं. अक्षर लागत नसलेली पाकिटंसुद्धा मी पोचवलीत, बाई. आणि तुमचा पत्ता मला सापडेना! डॉक्टर म्हणाले, मधुमेहाचे पाय आहेत, आत शिवण नसलेले बूट करून घ्या. सुनेनं फोनवर तुमची वेबसाइट काढून दिली. गेलो. तिसरा मजला! चढलो, तर कुलूप. वाटलं जेवायला गेले असतील. जिन्यातच बसलो, मग उतरलो. आठवड्यानं परत गेलो."

"परत चढलात?" ताईचा आवाज एकदम बारीक झाला.

"वेबसाइटवर लिहिलंय म्हटल्यावर चढणारच की! जुना बूट आत घासत होता, मला कुठे कळतंय? घरी आलो, तर नातीनं सांगितलं, आजोबा, मोजा लाल झालाय." त्यांनी काठी पट्टीकडे रोखली. "अंगठ्याला जखम. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, नाहीतर अंगठा गेला होता. मग त्या भागात टपाल वाटणाऱ्या पोस्टमनला गाठलं. तो म्हणाला, अहो, त्यांना मी रोज टपाल देतो, ते लाँड्रीशेजारी आलेत!"

धाकटा उठून उभा राहिला. "असं कसं होईल? पत्ता मी कधीच बदललाय. हे बघा." त्याने मला उघडले आणि संगणक त्यांच्याकडे वळवला. नवा पत्ता, नवा नंबर, एकही पायरी नाही.

टपालकाकांनी चष्मा कपाळावर चढवला, खिशातून फोन काढला आणि टेबलावर माझ्या शेजारी ठेवला. तिसरा मजला, घड्याळवाल्याच्या वर.

दोन्ही पडदे एकमेकांना लागून होते. मित्रांनो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला आतून आणि बाहेरून एकाच वेळी बघत होते.

"पण ताईनं पास केलं होतं," धाकटा पुटपुटला.

"मी? कधी?"

"तू काही बोलली नाहीस."

"अरे, पण माझ्यापुढे ठेवलंस कधी? बूट ठेवतोस तसं टेबलावर ठेवलं असतंस, तर हात फिरवला नसता का मी?"

"पाठवलं होतं मी. मंजुरीसाठी."

"कुठे पाठवलं होतंस? मी इथेच तर बसलेय, तुझ्यापासून हातभर अंतरावर!"

धाकट्याने कपाळावर हात मारला. मग तो हळूच माझ्या कोपऱ्याकडे वाकला आणि त्याने लाल ठिपक्यावर बोट ठेवले. अखेर! रांगेतली सगळी पाने एकापाठोपाठ एक उलगडली. ताई ती रांग बघत राहिली आणि मग तिने त्या पट्टीकडे बघितले. बुटातला बारीकसा खिळा कोणाला लागू नये म्हणून जिने जन्म घालवला, तिच्या दाराशी ही जखम आली होती. तिने डोळ्यांना पदर लावला नाही की काही नाही. ती म्हणाली, "बाळ्या, बस. वाच मोठ्यानं."

धाकटा वाचू लागला. ताईने डोळे मिटले, तळहात टेबलाच्या लाकडावर ठेवला आणि तो वाचेल तशी ती बोटे सरकवत गेली. पत्ता गेला, नंबर गेला. "बिघडलेल्या पायांसाठी खास बूट..."

"थांब. टोचतंय."

"काय?"

"बिघडलेले पाय म्हणे! यांच्यापुढे वाचून दाखव बरं ते परत." टपालकाका आपल्या पट्टीकडे बघत होते. ताई धाकट्याकडे वळली. "लिही. बाजारात ज्या पायांचं माप मिळत नाही, त्यांच्यासाठी."

खरे सांगते, मी इतके दिवस ताईच्या नावाने बोटे मोडत होते. तिची मंजुरी म्हणजे निव्वळ अडथळा, असे मी धरून चालले होते. ते वाक्य माझ्या पोटात पडून होते आणि मला ते कधी टोचले नव्हते. तिला मात्र ऐकताक्षणी टोचले.

"पत्ताही नीट सांगा," टपालकाका मध्येच म्हणाले. त्यांचा राग आता कामाला लागला होता. "नुसतं लाँड्रीशेजारी काय? लाँड्रीच्या उजव्या हाताला, निळं शटर, रिक्षा दारापर्यंत येते. लिहा."

धाकट्याने लिहिले. मग शेवटची ओळ वाचली, "आता एकही पायरी नाही," आणि तो थांबला. ताईचा हात टेबलावर स्थिर झाला. ती काही बोलली नाही. सवयच ती. धाकटा मान वळवून तिच्याकडे बघत राहिला. आधी तो असा कधी थांबत नसे.

"ताई?"

तिने डोळे उघडले. "पास," ती म्हणाली. वडिलांच्या वेळेपासून त्या दुकानात हा शब्द कोणी तोंडाने उच्चारला नव्हता. मग तिने स्वतः तिच्या किल्लीने येऊन 'प्रकाशित करा' दाबले. टपालकाकांनी आपल्या फोनवरचे पान पुन्हा उघडले आणि डोके हलवत ती ओळ मोठ्याने वाचली. "हे तेव्हा दिसलं असतं," ते म्हणाले, आणि पुढचे त्यांनी सोडून दिले.

जखम भरायला खूप दिवस लागले. ती भरली तेव्हा त्यांचे बूट तयार होते. ताईचा हात त्या बुटांत इतका वेळ होता, की धाकटा हसला. "काढ की आता, ताई. घर बांधतेस का आत?" महिनाअखेर कधीच होऊन गेली होती. कारखान्याला दुसरा माणूस मिळाला. टपालकाकांच्या साच्याला 'पत्ता' असे नाव पडले आणि तो जाडोबाच्या शेजारी बसला. आता चाकांची खुर्ची थेट टेबलापर्यंत येते. आणि आता ताई प्रत्येक बुटाला, प्रत्येक पानाला मोठ्याने 'पास' म्हणते.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी मागची खोली असेल, तर तिची एवढी काळजी घ्या. लिहिलेले बाहेर पोचले का, ते बाहेर जाऊन, परक्या माणसाच्या डोळ्यांनी एकदा बघा. आणि शेजारी बसलेल्या माणसाचे काम तुम्हाला पसंत असेल, तर ते त्याला तोंडाने सांगा. तुम्ही गप्प बसलात, की तो त्या गप्प बसण्याचा वाटेल तो अर्थ काढतो, आणि कोणीतरी तिसराच बिचारा दुखऱ्या पायांनी जिने चढत राहतो.

बाकी माझे बरे चालले आहे. फक्त गेला महिनाभर मला दुरुस्तीची नवी आवृत्ती, म्हणजे अपडेट, हवी आहे आणि कोपऱ्यात पुन्हा लाल ठिपका पेटला आहे. धाकटा रोज त्याच्यावरून नजर फिरवतो आणि म्हणतो, "बघेल ताई."